होज आतून चिरणं आणि धातूने धातू खाणं: दोन वेगळे रोग, एकच चुकीचं निदान

गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज (इंजिन थंड ठेवणारं कूलंट वाहून नेणारी रबरी नळी) फुटला की एक निदान हमखास ऐकू येतं: "अ‍ॅल्युमिनियम आणि बीड एकत्र आलंय, इलेक्ट्रोलिसिस झालं. कूलंट बदला, नवा होज टाका, बास." हे इतक्या वेळा ऐकलं आणि वाचलंय की आता सविस्तर लिहिणं भाग आहे. या एका वाक्यात दोन वेगळ्या बिघाडांची सरमिसळ आहे. दोन्हींच्या मुळाशी रसायन आणि वीज आहे आणि दोन्ही होज जिथे धातूच्या तोटीवर चढतो तिथेच दिसतात, म्हणून गल्लत होते. पण एकात धातू जातो, दुसऱ्यात रबर जातं, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

धातूंचा गॅल्व्हॅनिक गंज बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांना भिजवणारा वीजवाहक द्रव, एवढं जमलं की इलेक्ट्रॉन सहज सोडणारा धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. इलेक्ट्रॉन सोडण्याची ही ओढ व्होल्टमध्ये मोजतात, आकडा जितका उणे तितकी ओढ जास्त. पुस्तकातले आकडे अ‍ॅल्युमिनियमसाठी उणे १.६६ व्होल्ट, लोखंडासाठी उणे ०.४४, तांब्यासाठी अधिक ०.३४ असे आहेत. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे आकड्यांवरून वाटतं तितक्या वेगाने ते जात नाही. मात्र बोअरच्या पाण्यातले क्लोराइड हाच थर जागोजागी फोडतात. अँबॅसिडरच्या काळात बिडाचं इंजिन आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर अशी जोडी असायची. आता अनेक गाड्यांत बिडाच्या ब्लॉकवर (इंजिनचा मुख्य ठोकळा) अ‍ॅल्युमिनियमचं हेड (ब्लॉकवरचं झाकण) आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर असतो. कूलंटमधली गंजरोधक रसायनं या धातूंना सांभाळतात. ती संपली की झीज सुरू होते. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतणाऱ्यांच्या गाडीत हेच होतं, आणि "कूलंट म्हणजे रंगीत पाणीच की" असं ग्राहकाला सांगणाऱ्यांवर माझा खरोखर राग आहे.

आता होजकडे या. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, कारण रबर म्हणजे वीज न वाहणारी वस्तू हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. होजचं काळं रबर तसं नसतं. ते ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं आणि त्याला मजबुती यावी म्हणून त्यात भरपूर कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, मिसळलेली असते. कार्बन वीजवाहक आहे. तो पुरेशा प्रमाणात असला की रबरातूनही थोडी वीज वाहू लागते. मग धातूची तोटी, कूलंट आणि काळं रबर हे तिघे मिळूनच एक सेल, म्हणजे छोटीशी बॅटरी, तयार होतो. इंजिनच्या उष्णतेत तो चालू राहतो आणि होजचा आतला थर आतून चिरत जातो. होज बनवणारे याला इलेक्ट्रोकेमिकल डिग्रेडेशन म्हणतात, थोडक्यात ईसीडी.

यात दुसरा धातू लागतच नाही. ब्लॉक, हेड, रेडिएटर सगळं अ‍ॅल्युमिनियमचं असलं तरी होज असा जाऊ शकतो, कारण सेलमधला दुसरा भिडू रबर स्वतः आहे. म्हणून "दोन धातूंमुळे होज गेला" हे निदान मुळातच चुकीचं आहे.

पटत नसेल तर चाचण्या बघा. कूलंटसाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी १३८४ ही जुनी, सर्वत्र वापरली जाणारी चाचणी आहे. तांबं, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड आणि अ‍ॅल्युमिनियम अशा सहा धातूंच्या पट्ट्या ८८ अंश सेल्सियसच्या द्रावणात ३३६ तास ठेवतात, द्रावणातून हवा सोडत राहतात आणि शेवटी प्रत्येक पट्टीचं वजन किती घटलं ते मोजतात. त्या काचेच्या भांड्यात रबराचा तुकडा नसतो. होज ईसीडीपुढे किती टिकतो हे तपासायला एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेची जे १६८४ ही स्वतंत्र पद्धत आहे. कूलंटच्या डब्यावर गंजापासून संरक्षणाचा दावा असतो तो धातूंपुरता, होजबद्दल तो डबा काहीच सांगत नाही.

एकदा जुना होज फेकून न देता धारदार सुरीने लांबीत उभा चिरून बघाच. बाहेरून तो चकचकीत, अगदी नवा वाटू शकतो. आत मात्र टोकांपासून साधारण पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात होजच्या लांबीच्या दिशेने बारीक उभ्या चिरा दिसतात. आतली बाजू बाहेर येईल असा तुकडा वाकवला की त्या उघडतात, आणि तळाशी विणलेल्या धाग्यांचा थर दिसतो. कूलंट चिरांतून या धाग्यांपर्यंत पोचतं आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं त्यांतून पुढे सरकतं. म्हणून ओल कधीकधी चिरेपासून लांब दिसते किंवा बाहेरच्या थराला फुगा येतो, आणि मेकॅनिक भलत्याच जागी गळती शोधत बसतो. आधार द्यायला असलेला हा धागाच कुजून कमजोर झाला की ०.९ किंवा १.१ बारच्या रेडिएटर कॅपचा दाब कधीतरी आपलं काम करतोच, आणि तोही बहुधा घाट चढताना.

गाडीवर होज असताना ओळखायचं तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर होज मध्यभागी दोन बोटांनी दाबा, मग क्लिपच्या अगदी जवळ दाबा. टोकाकडे तो मधल्या भागापेक्षा मऊ लागला, आत खाच असल्यासारखं जाणवलं, तर होज बदलायची वेळ झाली. बाहेरून कडक होऊन तडकलेला होज उष्णतेने गेलेला असतो, ऑइल लागून फुगलेला चिकट होज ऑइलने गेलेला असतो. ते डोळ्यांना दिसतं, त्यात गोंधळ नाही.

खरा गोंधळ क्लिपपाशी गळती असते तेव्हा. होज काढा आणि तोटी बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या तोटीवर पांढरी, पिठासारखी पूड आणि तिच्याखाली खड्डे असतील तर तो धातूचा गंज. होजखालच्या अरुंद फटीत साचून राहिलेल्या कूलंटनेही हे खड्डे पडतात. तोटी गुळगुळीत आणि होजचं टोक भुसभुशीत असेल तर दोष होजचा. दोन्ही एकत्रही सापडतात, आणि मग दोन्ही दुरुस्त करावं लागतं. हे काहीच न बघता क्लिप आणखी आवळणं ही माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट सवय. खड्ड्यांवर रबर कितीही आवळलं तरी बसत नाही, आणि आतून चिरलेल्या होजवर क्लिपची कड आणखी रुतते. खड्डे पडलेली तोटी कानस मारून गोल करण्यापेक्षा थर्मोस्टॅट हाउसिंग (इंजिनकडची तोटी ज्याला असते तो भाग) बदललेलं बरं. कानशीने व्यास कमी होतो आणि गळती परत येते.

उपायही म्हणूनच वेगळे. धातूचा गंज असेल तर सिस्टिम नीट धुऊन, कंपनीने सांगितलेलं कूलंट डीमिनरलाइज्ड पाण्यात ठरलेल्या प्रमाणात भरायचं. होज चिरला असेल तर नवीन कूलंटने त्या चिरा बुजत नाहीत. तिथे कमी वीजवाहक रबराचा, ईसीडी-रोधक म्हणून बनवलेला होज लागतो. वरचा होज गेला असेल तर खालचा आणि हीटरचे होजही तितकेच जुने आहेत, ते त्याच वेळी बदला.

मल्टिमीटरवाल्यांसाठी एक गोष्ट. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तार कूलंटमध्ये बुडवून ०.३ व्होल्ट दिसला म्हणून होजला दोष देऊ नका. ते रीडिंग कूलंटची रसायनं संपल्याचं किंवा अर्थिंग सैल असल्याचं सांगतं. लाइट, पंखा, स्टार्टर चालू करताच आकडा उडी मारत असेल तर आधी इंजिनची अर्थ स्ट्रॅप (अर्थिंगची पट्टी) तपासा. बाहेरून येणारा भटका करंट ही तिसरीच भानगड आहे.

"मग सिलिकॉनचे होजच टाकतो" असं म्हणणारेही भेटतात. सिलिकॉन सहसा वीज वाहत नाही, हे खरं. पण त्यातून पाण्याची वाफ ईपीडीएमपेक्षा जास्त झिरपते, त्यामुळे कूलंटची पातळी वरचेवर बघावी लागते. शिवाय खाचा असलेली साधी वर्म क्लिप मऊ सिलिकॉन कापते, त्याला आतून अस्तर असलेली क्लिपच लागते. रोजच्या गाडीला मी चांगल्या ईपीडीएमचाच होज लावतो, आणि जुन्या सैल क्लिपाही त्याच वेळी बदलतो.