विहीर, आंधळा आणि कबर: तीन रविवारांची पार्श्वभूमी

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी एका कॅथलिक चर्चमध्ये विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचली जाते, तर त्याच सकाळी दुसऱ्या चर्चमध्ये फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला. चूक कुणाचीच नसते. या मोकळिकीचे मूळ १९६९ च्या वाचनक्रमात, म्हणजे कोणत्या दिवशी बायबलमधले काय वाचायचे हे ठरवणाऱ्या यादीत आहे.

त्याआधी, १५७० च्या मिस्साग्रंथानुसार (उपासनेच्या अधिकृत ग्रंथानुसार), दरवर्षी तीच वाचने फिरून येत आणि रविवारी जुना करार जवळजवळ कानावर पडतच नसे. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बायबलचे भांडार अधिक खुले करायला सांगितले, प्रवचन हा उपासनेचाच भाग ठरवला आणि पुढे शुभवर्तमानांचे (येशूच्या चरित्रांचे) तीन वर्षांचे चक्र आले: ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक. चौथे शुभवर्तमान, योहान, मुख्यतः प्रायश्चित्तकाळ आणि ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळासाठी राखलेले.

वाद आहे तो प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारांचा. प्राचीन रोममध्ये ईस्टरच्या रात्री स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेणाऱ्या प्रौढ दीक्षार्थींसाठी शोमरोनी स्त्री, दृष्टी मिळालेला जन्मांध आणि कबरीतून उठवलेला लाजर या योहानाच्या तीन कथा वाचल्या जात. पाणी, प्रकाश, जीवन असा तो चढता क्रम. पुढे स्नानसंस्कार बहुतांशी तान्ह्या मुलांचे होऊ लागले, दीक्षार्थींचे विधी आठवड्यातल्या इतर दिवसांवर सरकले आणि या कथाही त्यांच्याबरोबर गेल्या. नव्या क्रमाने त्या रविवारी परत आणल्या, पण फक्त ‘अ’ वर्षात. ‘ब’ आणि ‘क’ वर्षांत त्या वाचायची नुसती परवानगी आहे, विशेषतः जिथे दीक्षार्थी असतील तिथे.

काहींच्या मते त्या दरवर्षीच वाचाव्यात. पण मग ‘क’ वर्षातला उधळ्या पुत्राचा दाखला चौथ्या रविवारी ऐकायला मिळत नाही, आणि ही किंमत लहान नाही. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे दीक्षार्थी नजरेआड झाले की प्रवचनातले चिंतन भलतीकडे वळते. शोमरोनी स्त्रीच्या पाच नवऱ्यांवर पंधरा मिनिटे जातात, पाण्यावर दोन. जन्मांधाची ४१ वचने लांब वाटली तर संक्षिप्त पाठ आहेच. त्यात परुश्यांनी (कर्मठ यहुदी पंथीयांनी) केलेली बरीचशी उलटतपासणी गळते आणि कथेची धार बोथट होते.

प्रायश्चित्तकाळातली जुन्या करारातली वाचने तारणाच्या इतिहासाच्या टप्प्यांनुसार निवडली आहेत. तरीही प्रत्येक वाचनाचा धागा शुभवर्तमानाशी ओढूनताणून जोडण्याची सवय काही सुटत नाही.

ईस्टरनंतर पहिले वाचन बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून येते. हा प्रघातही चौथ्या-पाचव्या शतकापासूनचा. पुनरुत्थानकाळाच्या दुसऱ्या रविवारी तिन्ही वर्षी पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमाची कथा असते, कारण ती घडते पुनरुत्थानाच्या ‘आठ दिवसांनंतर’. २००० पासून तोच रविवार दैवी करुणेचाही झाला. शुभवर्तमान तेच राहिले. चिंतनांत मात्र करुणेला जागा वाढली आणि थोमा कोपऱ्यात गेला.