हुतात्मा एक्स्प्रेसने निघून जाणारं ज्ञान

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या जुन्या यंत्रमाग कारखान्यात गेलात तर मागाच्या वर नजर टाका. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं साखळीसारखी ओवून टांगलेली दिसतील. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. नसेल तिथे धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर असा ओळीओळीने उमटत जातो. भोक आहे किंवा नाही, म्हणजे एक किंवा शून्य. ही युक्ती फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास रूढ केली आणि चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी तीच उचलली. संगणकाच्या या पूर्वजाशी आमच्या घराघरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या झटली आहेत. तरी संगणक शिकलेली पोरं सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जातात आणि तिकडचीच होतात, याची मला मनापासून खंत वाटते.

पुणं काही आपोआप घडलं नाही. तिथे १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर सरकारने १९८८ मध्ये सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था काढली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. बंगळुरूचंही तेच. १९०९ ची भारतीय विज्ञान संस्था, १९४० चा विमान कारखाना, पुढे इस्रो. सॉफ्टवेअर कंपन्या आल्या त्या कितीतरी नंतर, कारण हुशार अभियंते तिथे आधीच राहत होते.

सुरुवातीचा पैसा सरकारचाच का लागतो? संशोधन फसू शकतं, आणि यशस्वी झालं तर त्याचा फायदा शेजाऱ्यालाही होतो. एकट्या कारखानदाराने तो खर्च का उचलावा? पण हा ‘सांडलेला’ फायदा फार लांब वाहत नाही, आणि शहरांच्या दृष्टीने खरी गोम इथेच आहे. जॅफी, ट्रॅक्टेनबर्ग आणि हेंडरसन या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये अमेरिकी पेटंटांचा अभ्यास केला. नवं पेटंट आपल्याच परिसरातल्या जुन्या पेटंटाचा आधार अपेक्षेपेक्षा बरंच जास्त घेतं, असं त्यांना आढळलं. कागदावर न उतरणारं ज्ञान चहाच्या टपरीवर, प्रयोगशाळेच्या दारात, नोकरी बदलणाऱ्या माणसासोबत फिरतं. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेत्ती यांच्या हिशोबाने अमेरिकी शहरांत उच्च तंत्रज्ञानातल्या एका नोकरीमागे त्याच शहरात आणखी सुमारे पाच रोजगार उभे राहतात, शिक्षकापासून सुतारापर्यंत.

अर्थात विद्यापीठ असलं की झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ संशोधनावर अफाट खर्च करतं, पण ते शहर सिलिकॉन व्हॅली झालं नाही. ज्ञान मुरायला गावात त्याचं गिऱ्हाईक लागतं.

ते सोलापुरात आहे, आणि नमुनाही आहे. पुणे रस्त्यावर केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेल्या ‘सोलापूर लाल’ या वाणात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व ‘भगवा’ या नेहमीच्या वाणापेक्षा जास्त असतं. झाडांचे संकर करायचे, फळं धरेपर्यंत थांबायचं, त्यातली निवडायची आणि पुन्हा लावायचं, ही कामं वर्षानुवर्षांची. तेल्या रोगाने बाग बसलेल्या शेतकऱ्याने ती स्वखर्चाने कशी करावी? ती सार्वजनिक पैशानेच होतात.

त्याच केगावात २००४ मध्ये स्थापन झालेलं, एकाच जिल्ह्यासाठीचं आपलं विद्यापीठ आहे. जिल्हा एकच असणं मला कमीपणाचं वाटत नाही. प्रश्न हाताशी असतात. टॉवेलचंच घ्या. सुटलेला फासा, तेलाचा डाग, तुटलेला धागा हे सगळं तपासणारा माणूस डोळ्यांनी शोधतो. कॅमेरा लावून संगणकाला हे शिकवायचं तर दोषांचे हजारो फोटो लागतील, आणि प्रत्येकावर कुणीतरी जाणत्याने खूण करावी लागेल. इथे शासनाने किंवा महापालिकेने दोन-तीन वर्षांची शिष्यवृत्ती, एक चांगला कॅमेरा आणि प्रयोगासाठी एक माग एवढं द्यावं. शेवटच्या वर्षाची मुलगी लॅपटॉप घेऊन मागापाशी बसेल, आणि तीस वर्षं माग चालवलेले काका कापडावर बोट ठेवून तिला सांगतील, “हा डाग नाही पोरी, इथे बाणा, आडवा धागा, सुटलाय. उजेडाकडे धरून बघ.”