नवी हार्ड डिस्क कुरकुरते, ती का?

डिस्क बसवून कॉम्प्युटर सुरू केला की आधी घूंऽऽ असा चढत जाणारा आवाज येतो, मग एक हलकीशी टक्, आणि फायली उघडू लागलात की कुरकुर. घूं मोटरचा: मिनिटाला 7,200 फेरे, म्हणजे सेकंदाला 120. टक् होते ती कडेच्या उतारावर विसावलेली हेड्स, म्हणजे माहिती वाचणारी-लिहिणारी टोकं, फिरत्या चकत्यांवर येताना. आणि हेड्स एका ट्रॅकवरून, म्हणजे चकतीवरच्या माहितीच्या गोल पट्टीवरून, दुसरीकडे झेपावतात त्याची कुरकुर. तिन्ही आवाज धडधाकट डिस्कचेच. तरी ते आज दचकवतात, कारण मधल्या काळात आपले कान लाडावले.

1956 साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या. हेड चकतीला टेकू नये म्हणून दाबाखालची हवा सोडावी लागे, त्यासाठी कॉम्प्रेसर. एवढा खटाटोप आजच्या हिशेबाने 4 एमबीपेक्षाही कमी माहितीसाठी! तिथे शांततेची अपेक्षा कोण करणार?

छोट्या कॉम्प्युटरसाठी सीगेटची 5 एमबीची एसटी-506 आली 1980 मध्ये. तिच्यातला आर्म, म्हणजे हेड्स धरणारा दांडा, स्टेपर मोटरवर चाले, ठरलेल्या टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा ऐकू येई. पुढे घरगुती डिस्कमध्येही व्हॉइस कॉइल आली. चुंबकाच्या क्षेत्रात वीज वाहणारी तारेची गुंडाळी हलते, हे तत्त्व लाउडस्पीकरचंच, नावही तिकडचंच. तेव्हा ती आवाज करते याचं नवल नको.

मग वेगाची शर्यत लागली. 1992 मध्ये 7,200 फेरे, 1996 मध्ये 10,000, 2000 मध्ये 15,000. आतली बॉल बेअरिंग झिजली की डिस्क शिट्टीसारखी किणकिणायची. 2000 नंतर त्यांच्या जागी तेलाचा पातळ थर असलेली फ्लुइड बेअरिंग आली आणि ती किणकिण जवळजवळ संपली. त्याच सुमारास एटीए या डिस्क कॉम्प्युटरला जोडण्याच्या मानकात आवाज आवरण्याची सोयही आली: 128 आकडा दिला की हेड्स हळुवार हलत, 254 दिला की सुसाट. डिस्कच्या इतिहासातला सर्वांत शांत काळ तो, असं मला वाटतं. आपण ‘नॉर्मल’ म्हणतो ते बहुधा तिथलंच.

पुढे घरात चिपवर माहिती साठवणारी एसएसडी आली, तिच्यात हलणारं काहीच नाही. मोठ्या हार्ड डिस्क डेटा सेंटरकडे वळल्या, जिथे पंख्यांच्या गोंगाटात ऐकणारं कोणी नसतं. आवाज आवरण्याची ती सोयही मानकातून बाद झाली. 2013 मध्ये हेलियम भरलेली पहिली डिस्क बाजारात आली, 7 चकत्यांची, 6 टीबीची. हेलियममुळे चकत्यांना होणारा विरोध घटतो, पण चकत्या वाढल्या की हेड्सचा जुडगाही वाढतो, आणि तो झटक्यात हलला की ठक् असा जड आवाज येतो. काही मोठ्या डिस्क तर नुसत्या बसल्या असतानाही दर काही सेकंदांनी टिकटिकतात. झीज एकाच जागी होऊ नये म्हणून हेड्स हलवणं हा त्यांचा नेमच. वर कॅबिनेटचा पत्रा पातळ असेल तर तो डिस्कची गुणगुण दुप्पट करून ऐकवतो. स्क्रूखाली रबर घातलं की फरक लगेच कळतो.

भीती घालणारा ‘क्लिक ऑफ डेथ’ हा शब्दप्रयोग मात्र मुळात हार्ड डिस्कचा नाही. 1990 च्या दशकात झिप ड्राइव्ह या काढत्या-घालत्या डिस्कच्या उपकरणामुळे तो गाजला आणि मग इकडे चिकटला. हार्ड डिस्कमध्ये त्याचा अर्थ असा: चकतीवरच्या दिशादर्शक खुणा हेडला वाचता येत नाहीत, म्हणून आर्म मागे जातो आणि पुन्हा प्रयत्न करतो. टक्… टक्… टक्, एकसारख्या अंतराने, आणि तोवर कॉम्प्युटरला डिस्क दिसतच नाही. अपुऱ्या विजेनेही असंच होतं, त्यामुळे एकदा पॉवरची केबल बदलून पाहावी. तरी चालूच राहिलं, किंवा धातू खरवडल्यासारखी खरखर आली, तर डिस्क बंद करावी आणि वॉरंटीत बदलून घ्यावी, भले ती कालच खोक्यातून निघालेली असो.