पलालीचं तिकीट : लढलेल्या मुलखात परत जाण्याचा प्रश्न

कोल्हापुरातल्या टूरवाल्यांच्या जाहिरातींत हल्ली श्रीलंकेची ‘रामायण यात्रा’ हमखास असते. नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ, कँडीचं दंतमंदिर, कोलंबोत खरेदी, सहा-सात दिवसांत माणूस घरी. कागल भागातले एक निवृत्त सुभेदार अशाच सहलीला बायकोला घेऊन जाऊन आले. गाव आणि नाव छापू नका म्हणाले, म्हणून इथं नुसते सुभेदार. बसमध्ये श्रीलंका आधी पाहिलेले ते एकटेच होते, तीही १९८७ साली भारतीय शांतिसेनेतला शिपाई म्हणून. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही.

“काय सांगायचं? मी हितं एसएलआर रायफल घिऊन फिरलोय म्हणून सांगू व्हय?”

लढाई परमुलखात आणि पेन्शन गावात, ही कोल्हापूर जिल्ह्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखतात. कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या पट्ट्यात भरतीला जाणं हे शेतीइतकंच साधं काम. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावचं सेंटर जवळ, आणि संस्थानाची स्वतःची राजाराम रायफल्सही होती. १९४९ साली संस्थान विलीन झालं आणि ती पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामावली गेली. अजूनही इथल्या कितीतरी घरांत माळ्यावर काळी लोखंडी पेटी सापडते, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. पेटीत काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक असतं. ती कुठं कुठं फिरून आली, हे मात्र बहुतेक घरांत कुणी धड विचारलेलं नसतं.

परत जाऊन बघावं का, हा प्रश्न पहिल्या महायुद्धातल्या पिढीला पडलाच नाही. तिच्या वाट्याला मेसापोटेमिया आला, म्हणजे आजचा इराक. गावाकडं त्याला ‘बसरा’ म्हणत. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा हा वेढा चालला. शेवटी उपासमारीनं शरणागती पत्करावी लागली आणि सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्या वाटेवर आणि पुढं कैदेत हजारो मेले. जे घरी आले त्यांना बसऱ्याचं नावही नको होतं. तिथल्या ब्रिटिश स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली. आपल्या साध्या शिपायांचा नुसता आकडा. नाव शोधायला जावं, तर ते तिथं कोरलेलंच नाही. इकडं महाराष्ट्रातल्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके लढाईवर गेले, पैकी इतके मेले. तिथंही बहुधा आकडाच.

दुसऱ्या महायुद्धातल्यांची गोष्ट जरा वेगळी. १९४३ ते १९४५ या काळात मराठा पलटणी इटलीत होत्या. नाईक यशवंत घाडगे रायगडच्या माणगावकडचे. त्यांनी १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं मशिनगनच्या मोर्चावर चाल केली आणि तो घेतला. त्याच ठिकाणी त्यांना गोळी लागली. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याच खोऱ्यातल्या मोंतोने गावानं जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यतबकडीचं स्मारक उभारलं. त्यावरचं लॅटिन वचन सांगतं की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. चांगली गोष्ट झाली, पण ७९ वर्षांनी. तोवर त्या डोंगरात लढलेले बहुतेक जण संपले होते. आता जातात ती नातवंडं, आणि आजोबांच्या मनातली घालमेल त्यांच्याबरोबर जात नाही. त्यांना वाटतो तो निव्वळ अभिमान.

इटलीशी कोल्हापूरचं नातं तसं त्याहून जुनं. छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. युरोप सहलीला गेलेले कोल्हापूरकर त्या छत्रीपाशी आवर्जून जातात, फोटो काढतात, फेसबुकवर टाकतात. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर फोर्ली इथं भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे, दहन झालेल्या जवानांची नावं तिथं लिहिलेली आहेत. तिकडं वाट वाकडी करून गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

याच लढाईची दुसरी बाजू कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतल्या अनेकांचे बाप, भाऊ, नवरे जनरल आंदर्स यांच्या पोलिश फौजेत होते. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा डोंगर त्याच फौजेनं घेतला. खालच्या खोऱ्यात तेव्हा आठवी इंडियन डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात मराठेही होते. म्हणजे वळिवड्यातल्या पोलिश पोरांचे बाप आणि इकडच्या पोरांचे बाप एकाच डोंगराच्या आगेमागे. पुढं वळिवड्याची ती पोरं म्हातारी होऊन कोल्हापूरला परत आली. २०१९ साली तर त्यांचं मोठं शिष्टमंडळ आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात कसलीच खोच नव्हती. ज्या गावानं आसरा दिला तिथं परतणं सोपं असतं.

१९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या माणसांना बराच काळ असंच सोपं वाटत होतं. तिथल्या जमालपूरला पहिली मराठा पलटण लढली, तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कमांडरनं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि लिहिलं की पुढच्या भेटीत लेखणीऐवजी स्टेनगन घेऊन या. हा किस्सा त्या पलटणीतल्या कुणालाही विचारा, तो हातवारे करून सांगेल. ११ डिसेंबरला टांगाईलला दुसरी पॅरा आकाशातून उतरली. ती मुळात तिसरी मराठा, म्हणजे इटलीतल्या यशवंत घाडग्यांचीच पलटण. १६ डिसेंबरला ढाक्यात पहिली शिरली तीही हीच.

बांगलादेशात गेलं की हार पडत. दरवर्षी डिसेंबरात ढाक्याहून भारतीय माजी सैनिकांना बोलावणं यायचं आणि तिकडचे मुक्तियोद्धे कोलकात्याला यायचे. एप्रिल २०१७ मध्ये शेख हसीना यांनी दिल्लीत सात शहीद जवानांच्या कुटुंबांना मानपत्रं दिली. ज्या देशासाठी लढलो तो देश विचारतो, हे समाधान आपल्या फौजेतल्या फार थोड्यांच्या वाट्याला आलं. मग ऑगस्ट २०२४ आला. हसीना यांना देश सोडावा लागला, मुजीबनगरमधल्या शिल्पांची मोडतोड झाली आणि त्यात पाकिस्तानी शरणागतीचा देखावाही फुटला. त्या डिसेंबरातही निमंत्रणांची देवाणघेवाण थांबली नाही, हे खरं. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसानं टीव्हीवर ते फुटलेलं शिल्प पाहिलं, की त्याच्या आठवणीलाही तडा जातो. आपण तिथं जे केलं ते तिथल्या नव्या पोरांना हवं आहे की नको, हा प्रश्न त्याला पन्नास वर्षांत पडला नव्हता.

श्रीलंकेत हा प्रश्न पहिल्या तीन महिन्यांतच पडला.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला : तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि शांतता राखायला भारतीय फौज जायची. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. सिंहली माणसाला भारतीय फौज नको होती. उत्तरेतल्या तमिळांना मात्र ती हवी होती. जाफन्यात आपल्या जवानांना हार घातले गेले. सुभेदार तेव्हा शिपाई होते, जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरलेले. लाल माती, ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, त्यामागं नीटनेटकी घरं. “आमाला सांगितलं हुतं, शांती ठेवायला चाललोय. महिन्या-दोन महिन्यांत माघारी.” एका गल्लीतल्या म्हातारीनं त्यांच्या सेक्शनला शहाळी फोडून दिली. भाषा कळत नव्हती, पण ती रोज फाटकात उभी राहून हात हलवायची.

ऑक्टोबरात सगळं फिरलं. शस्त्रं खाली ठेवायला प्रभाकरनच्या वाघांची, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची, तयारी नव्हती, आणि १० ऑक्टोबरला ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या तेराव्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ मारले गेले, एक कैद झाला. शत्रू लुंगीत, सायकलवर, बाईच्या वेशातही. सुरुंग मोरीखाली. पलालीकडून जाफन्याकडं सरकणाऱ्या ब्रिगेडमध्ये पहिली मराठा आणि आठवी महार होती. आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला पडले. या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

आणि याच काळात, २१ ऑक्टोबरला, आपली फौज जाफन्याच्या रुग्णालयात शिरली. आतून गोळीबार झाला असं लष्कराचं म्हणणं. दोन दिवसांत डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि रुग्ण मिळून साठहून अधिक माणसं मेली. दरवर्षी त्या तारखेला रुग्णालयात मेणबत्त्या लागतात, भिंतीवर मेलेल्यांचे फोटो आहेत. इकडच्या पलटणींच्या आठवणींत हा प्रसंग सहसा येत नाही. सुभेदारांचा त्याच्याशी संबंध नव्हता, ते दुसरीकडं होते. पण त्यांच्या बोलण्यात तो न विचारता आला. “तितल्या लोकांस्नी कुठली पलटण ते कळतंय व्हय? त्यांना वर्दी कळती.”

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी भारतीय फौजेला निघून जायला सांगितलं. एवढ्यावर थांबले नाहीत, वाघांना गुपचूप शस्त्रंही पुरवली. म्हणजे ज्या सरकारच्या बोलावण्यानं गेलो आणि ज्यांच्याशी लढायला लागलो, ते दोघे एक झाले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. या मोहिमेत जवळपास १,२०० जवान मारले गेले होते. इकडं मद्रासमध्ये स्वागताला जायचं मुख्यमंत्री करुणानिधींनी नाकारलं. पुढच्या वर्षी श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. विजय दिवस साजरा होतो, कारगिल दिवस होतो. ‘पवन’मधल्यांची वर्षानुवर्षांची तक्रार हीच की आमचा दिवस कुठला?

माझ्या मते घालमेलीचं मूळ इथं आहे. माणूस लढाईत काय भोगतो ते सगळीकडं सारखंच. पुढच्या पन्नास वर्षांत तो देश त्याला काय म्हणतो आणि स्वतःचं गाव काय विचारतं, यावर परतीचा रस्ता मोकळा होतो किंवा बुजतो. अमेरिकेचे माजी सैनिक व्हिएतनामला जातात, त्याचं कारणही हेच असावं. १९९५ साली दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले आणि समोरच्यानंच दार उघडलं. पाकिस्तानच्या आघाडीवर लढलेल्यांचा तर विषयच काढायला नको, तिथं व्हिसापाशीच गाडी अडते.

श्रीलंकेतलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं. त्याच्या आदल्या वर्षी कोलंबोजवळ श्री जयवर्धनपुरा कोट्टे इथं भारतीय शांतिसेनेचं स्मारक तयार झालं होतं, काळ्या दगडावर जवानांची नावं. ज्या सरकारनं हाकललं त्याच देशानं बांधलेलं. २०१४ मध्ये जाफन्याची रेल्वे पुन्हा सुरू झाली, रूळ भारतीय कंपनीनं टाकले. आणि ऑक्टोबर २०१९ पासून पलाली हा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. चेन्नईहून तासा-दीड तासात प्रवासी विमान त्याच धावपट्टीवर उतरतं.

मुलानं सुभेदारांना हे मोबाइलवर दाखवलं होतं. रामायणवाल्या सहलीत जाफना नव्हतं, वेगळं तिकीट काढून देतो म्हणाला. ते नको म्हणाले. “तिकिटाचं काय, काढता येतंय की. उतरल्यावर त्या गल्लीत जायचं का न्हाई? म्हातारी तर आता नसंल. घर तरी हाय का बघावंसं वाटतंय. आनि नसलं तर? आनि असलं, आनि कुणी वळखलं तर?”

कोलंबोच्या शेवटच्या दुपारी मात्र सगळे खरेदीला उतरल्यावर त्यांनी बायकोला घेऊन रिक्षा केली आणि स्मारक गाठलं. नावं इंग्रजीत, पलटणीप्रमाणं. त्यांच्या सेक्शनमधला एक जण हुक्केरीकडचा होता, त्याचं नाव शोधायला वीस मिनिटं लागली. बायकोनं फोटो काढला, थोडा हललेला, कारण उन्हानं दगड चकाकत होता. संध्याकाळी बसमध्ये कुणीतरी विचारलं, कुठं गेला होता? “वळखीचा एकजण हाय हितं,” एवढंच म्हणाले.

कोल्हापूरला आल्यावर त्यांनी तो फोटो त्या जवानाच्या बायकोला व्हॉट्सअॅपवर पाठवला. नंबर दुसऱ्या एका फौजीकडून मिळवला होता. मी विचारलं, काय म्हणाल्या? त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. खाली निळ्या दोन खुणा आलेल्या होत्या. उत्तर नव्हतं.