बहुश्रुतपणाची मोजपट्टी : पार्श्वभूमी

‘बहुश्रुत’ या शब्दात वाचनाचा उल्लेखच नाही. ज्याने पुष्कळ ऐकले आहे, तो बहुश्रुत. विद्या मुखोद्गत करून पुढे दिली जात असे, त्या काळातला हा शब्द आज आपण चौफेर वाचन असलेल्या माणसाला लावतो, तेव्हा ऐकलेले अंगी मुरले पाहिजे ही त्यातली जुनी अपेक्षा नकळत गळून पडते.

पंधराव्या शतकात युरोपात छपाई सुरू झाली, तरी बराच काळ बहुतेक वाचकांकडे मोजकीच, बहुधा धार्मिक पुस्तके असत आणि तीच पुनःपुन्हा वाचली जात. अठराव्या शतकात नियतकालिके, कादंबऱ्या आणि वर्गणीवर चालणारी वाचनालये वाढली, तसा पुष्कळ पुस्तके एकेकदा वाचण्याकडे कल झुकला. या बदलाला क्रांती म्हणावे का, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही.

काय वाचले म्हणजे माणूस बहुश्रुत होतो, हा वाद खरा पेटला तो विसाव्या शतकात. पाच फूट लांबीच्या फळीवर मावतील एवढी पुस्तके रोज १५ मिनिटे वाचून उत्तम शिक्षण मिळवता येते, या विचारातून १९०९ पासून अमेरिकेत एक ग्रंथमाला निघाली. त्यानंतर १९५२ मध्ये तिथेच ५४ खंडांचा आणखी मोठा संच प्रसिद्ध झाला. त्यातील ७४ लेखकांत एकही स्त्री नव्हती, यावर पुढे भरपूर टीका झाली आणि ती रास्तच होती. १९९० च्या ६० खंडांच्या आवृत्तीत चार लेखिका आल्या. परंतु वाचकाच्या दृष्टीने अधिक गंभीर निर्णय दुसराच होता. वाचकाने थेट ग्रंथकाराला भिडावे, या भूमिकेतून संपादकांनी भूमिती आणि भौतिकशास्त्राचे अवघड ग्रंथही तज्ज्ञांच्या विवेचक प्रस्तावनांशिवाय छापले. वाचकावरचा हा विश्वास मोलाचा होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र शतकानुशतकांपूर्वीच्या परिभाषेपुढे नवख्या माणसाला एकटे सोडण्यात त्याचे हित नव्हते.

याच संचात १०२ संकल्पनांची दोन खंडी सूची होती. न्याय किंवा काळ यांसारख्या एखाद्या विषयावर कोणता ग्रंथकार कुठे काय म्हणतो, हे तिच्यातून शोधता येई. दूरदूरच्या ग्रंथांतले असे धागे जुळवणे हेच चौफेर वाचनाचे खरे फळ आहे, आणि वाचकाच्या मनात वर्षानुवर्षे आपसूक घडणारे ते काम इथे त्याच्या हाती तयार ठेवले गेले.