"१४ टक्के टेंडर वोट पडले की फेरमतदान" हे खरं नाही

दर इलेक्शनला इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो: लिस्टमध्ये नाव नसलं तर आधार दाखवून ४९ए खाली चॅलेंज वोट मागा, आणि बूथवर १४ टक्क्यांवर टेंडर वोट पडले तर परत मतदान होतं. पाठवणारे चांगल्या मनानेच पाठवतात, आणि त्यातला एक तुकडा खरा आहे म्हणून बाकीचंही पटतं.

खरा तुकडा टेंडर वोटचा. तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलं असेल तर १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ४९पी प्रमाणे तुम्हाला मत देता येतं, पण मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि एरवी मोजत नाहीत, कोर्टात केस गेली तरच तिचा उपयोग होऊ शकतो. १४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही. ४९ए तर मशीन कशी असावी याबद्दल आहे, आणि चॅलेंज करतो तो पोलिंग एजंट, म्हणजे बूथवर बसलेला उमेदवाराचा माणूस, तेही २ रुपये भरून, समोरचा माणूस खरंच तोच का यावर.

नाव नसेल तर आधार दाखवूनही मत देता येत नाही, आणि मला काळजी याचीच वाटते की मेसेजवर विसंबून रामबागेतले आजी-आजोबा उन्हात रांग लावतील नि तसेच परत येतील. म्हणून आधीच १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून किंवा बीएलओकडे (आपल्या बूथची मतदार यादी बघणारा अधिकारी) लिस्ट बघा, नाव नसेल तर ते घालायचा फॉर्म ६ वेळेत भरा. नियमही नेटवर आहेत, ४९पी उघडून १४ शोधा, सापडणार नाही.