रेषाछेद गणना

रेषाछेद गणना : जंगलात आधी आखलेल्या सरळ रेषेवरून पायी चालत, दिसलेल्या प्राण्यांचे रेषेपासूनचे अंतर मोजून त्यांची दर चौ. किमी. घनता काढण्याची क्षेत्रजीवशास्त्रातील पद्धत. वनखात्याच्या बोलण्यात ‘ट्रान्सेक्ट’ किंवा नुसतेच ‘लाइन’. नागपूर जिल्ह्यात ती मुख्यतः पेंच व्याघ्र प्रकल्पात (१९९९) चितळ, सांबर, रोही, रानगवा, रानडुक्कर, भेकर व वानर यांच्यासाठी वापरतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेचाही ती भाग आहे. मात्र वाघांची संख्या कॅमेरा सापळ्यांवरून काढतात.

उगम : पद्धतीचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. अमेरिकेतील आर. टी. किंग यांनी १९३० च्या सुमारास ग्राउस पक्ष्यांसाठी अशी गणना केली व आल्डो लिओपोल्ड यांच्या १९३३ च्या ग्रंथात तिचा उल्लेख आला, म्हणून काही जण श्रेय किंग यांना देतात. किंग यांनी निरीक्षकापासून प्राण्यापर्यंतच्या अंतरांची सरासरी हीच पाहिल्या गेलेल्या पट्ट्याची अर्धरुंदी (रेषेच्या एका बाजूची रुंदी) धरली होती. तिला गणिती आधार नव्हता. डॉन हेन यांनी १९४९ मध्ये तो पुरवला : प्राणी ठराविक त्रिज्येत माणूस आला की उडतो असे मानून त्यांनी अंतरांचा हरात्मक मध्य (व्यस्तांकांच्या सरासरीचा व्यस्तांक) घेतला. हे खरे असेल तर दर्शनकोनांची (रेषा व प्राण्याची दिशा यांमधल्या कोनांची) सरासरी सुमारे ३२.७ अंश यावयास हवी. प्रत्यक्ष नोंदींत ती पुष्कळदा याहून बरीच जास्त येते, म्हणजे गृहीतक टिकत नाही. लंबांतरावर (प्राण्याच्या रेषेपासूनच्या काटकोनातील अंतरावर) आधारलेली आजची मांडणी बर्नहॅम, अँडरसन व लेक यांच्या १९८० च्या प्रबंधात स्थिरावली. पद्धतीचा खरा आरंभ तेथून मानणे अधिक सयुक्तिक दिसते. किंग व हेन यांचे काम पूर्वपीठिका म्हणून घ्यावे.

भारतात उल्लास कारंथ व मेल्विन सनक्विस्ट यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे ती वापरली (प्रसिद्धी १९९२). वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास बसवलेली वाघांच्या पाऊलठशांची गणना पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालली. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का वाघांवाचून रिकामे झाल्याचे उघड झाल्यावर ती मागे पडली आणि २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून नमुना-पद्धती आल्या.

कृती : प्रत्येक बीटमध्ये (एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या क्षेत्रात) साधारण २ किमी. लांबीची रेषा आखतात. ती रस्ता, नाला किंवा जनावरांची वाट धरून जाता कामा नये, कारण प्राणी वाटांजवळ एकतर गोळा होतात किंवा त्या टाळतात. सूर्योदयानंतर लगेच दोघे-तिघे निघतात व तीच रेषा तीन वेगवेगळ्या सकाळी चालतात. कळप दिसला की थांबून चार गोष्टी लिहायच्या : जात, संख्या, रेंजफाइंडरने अंतर, होकायंत्राने दिशा. प्राणी पहिल्यांदा जेथे दिसला ती जागा धरायची. पळून जेथे थांबला ती नव्हे. अंतर ६० मी. व रेषेशी कोन ३० अंश असेल तर लंबांतर ३० मी. येते. तोच कोन २० अंश वाचला गेला तर २०.५ मी. येते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश चूक.

हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. २० रेषा, प्रत्येकी २ किमी., तीन फेऱ्या, म्हणजे १२० किमी. चाल. ७२ कळप दिसले व परिणामकारक अर्धरुंदी (एका बाजूला प्रत्यक्षात जणू पूर्ण पाहिली गेलेली रुंदी) ४५ मी. निघाली, तर दोन्ही बाजू मिळून १०.८ चौ. किमी. क्षेत्र पाहिले गेले. घनता दर चौ. किमी. ६.७ कळप. सरासरी कळप ४.५ चा असल्यास सुमारे ३० प्राणी. ही अर्धरुंदी अंतरागणिक दर्शने कशी घटतात हे दाखवणाऱ्या वक्रावरून काढतात; विश्वासार्ह वक्रासाठी एका जातीची किमान ६० ते ८० दर्शने लागतात. चौशिंग्यासारख्या विरळ प्राण्याची एवढी दर्शने मिळणे कठीण.

चुका : कोन ‘शून्य’ लिहून मोकळे होणे ही सर्वांत महाग पडणारी सवय. त्यामुळे रेषेजवळ खोटी गर्दी दिसते, अर्धरुंदी आकसते आणि घनता फुगते. रेंजफाइंडरची किरण मधल्या फांदीवर आदळून अंतर कमी दाखवते. होकायंत्राजवळ कुऱ्हाड धरली तर सुई हलते. साग गळल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये लांबवर दिसते खरे, पण पाचोळा वाजतो व जनावर दिसण्याआधीच सरकते. म्हणून रेषा आदल्या दिवशी झाडून ठेवणे चांगले.

निरीक्षक : नेमक्या रेषेवरचा एकही प्राणी सुटत नाही, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक. तेथले १० टक्के सुटले तर घनताही १० टक्क्यांनी कमी येते. हे गृहीतक पुढे चालणाऱ्याच्या नजरेवर उभे आहे, आणि पेंचच्या देवलापार भागात तो पुष्कळदा जवळच्या गावचा गोंड वनमजूर असतो. बांबूच्या बेटाआड निश्चल उभे सांबर ओळखणे, वानराच्या इशाऱ्यावरून आधीच थांबणे, हे त्याचे ज्ञान आकडा घडवते. विश्लेषणात निरीक्षक हा स्वतंत्र चल म्हणून घेता येतो. त्यासाठी नोंदपत्रकात प्रत्येकाचे नाव हवे. ‘इतर कर्मचारी’ असे लिहिले की ही दुरुस्ती कायमची हातची जाते. ज्यांच्या नजरेवर निष्कर्ष टिकतो त्यांची नावे शोधनिबंधातही यावीत. हा सौजन्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो अचूकतेचा आहे.

स्त्रियांचा सहभाग वाढतो आहे. महाराष्ट्रात शासकीय सेवेत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण असल्याने वनरक्षक म्हणून अनेक जणी बीट सांभाळतात. जीवशास्त्राच्या संशोधक विद्यार्थिनीही रेषांवर असतात. त्यांच्या अडचणी ठाऊक असूनही नियोजनात उशिरा येतात : संरक्षण कुटीत वेगळे शौचालय व पाणी, मापाचे बूट, एकटीला न पाठवण्याचा नियम, पाळीच्या दिवसांत फेरी बदलून घेण्याची मुभा. तीनपैकी एक सकाळ चुकली तर नमुना तुटतो, त्यामुळे या सोयी गणनेच्या अंदाजपत्रकातच धराव्यात.

धोका सर्वांनाच आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा भागात गणनेसाठी प्राण्यांच्या खुणांचे सर्वेक्षण करणाऱ्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्यासोबत तीन वनमजूर होते. त्यानंतर तेथील पायी सर्वेक्षण काही काळ थांबवण्यात आले.